संबंधित सभासद हयात आहेत

"कधी गेल्या?" फोनवरच्या माणसाने घोगऱ्या आवाजात विचारले.

"आत्ताच गेली," नवरा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत येईल."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग "धीर धरा" असे काहीतरी पुटपुटून त्या माणसाने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी बाई कामावरून आल्या तेव्हा नवऱ्याने हा किस्सा रंगवून सांगितला. "कोण होता कुणास ठाऊक. तू ऑफिसला गेलीस म्हणून माझं सांत्वन करत होता. इतकी वर्षं तू रोज जातेस, पण कुणाला माझी दया आली नव्हती."

बाई हसल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या. बियाणे तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांचे सगळे काम उभ्याने असे. घरी आल्यावर पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असत. रिटायर व्हायला आता थोडाच काळ उरला होता. नवरा छापखान्यात मशिनमन होता, तो आधीच रिटायर होऊन घरी बसला होता.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात बँकेत होती. फोन बाईंनीच उचलला, आणि त्यांचा आवाज ऐकताच लेक रडायला लागली.

"आई, तू बोलत राहा. काहीही बोल."

"अगं, झालं काय?"

"आमच्या मॅनेजरची मावशी तुमच्या त्या मंडळात आहे. तिनं सांगितलं, तू गेलीस म्हणून छापून आलंय. फोटोसकट."

ते मंडळ म्हणजे संशोधक मंडळ. विद्यापीठात ज्यांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळे, ते सगळे त्याचे आजीव सभासद होत. मंडळ वर्षातून दोनदा एक वार्तापत्र काढी. नेमणुका आणि बढत्या, सन्मान, विवाह, अपत्ये, आणि शेवटी दिवंगत. आपली वार्ता कळवा, असे प्रत्येक अंकात मागच्या पानावर छापलेले असे. बाईंनी कधी काही कळवले नव्हते. कळवण्यासारखे काही झाले आहे असे त्यांना वाटले नव्हते. अंक येत, बाई ते चाळत आणि रद्दीत टाकत.

हाही अंक दोन दिवसांनी पोस्टाने घरी आला.

"मेल्यावरही पाठवतात," नवरा म्हणाला. "आजीव म्हणजे जीव असेपर्यंत ना?"

चूक कशी झाली ते पुढे कळले. बाईंच्या माहेरच्या नावाची, अगदी आडनावासकट तेच नाव असलेली आणखी एक सभासद होती, बाईंच्या नंतर बऱ्याच वर्षांनी विद्यापीठात आलेली. गेली होती ती. मंडळाच्या सचिवांनी जुन्या नोंदीतून फोटो काढला तो बाईंचा, आणि लेख मागितला तो बाईंच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे. मैत्रीण आता एका मोठ्या संस्थेची संचालक होती. तिने दीड पान लिहून दिले होते.

बाईंनी ते दारातच उभ्या उभ्या वाचले.

"ज्या तपासणीला आज माझे नाव आहे, तिची मूळ कल्पना माझी नव्हती," असे तिसऱ्या परिच्छेदात होते. "आमच्या खोलीत, कपाटावर, तिने दोन वाट्यांत दाणे भिजत घातले होते. एकीत नवे, एकीत जुने. सकाळी तिने मला हाताला धरून तिथे नेले आणि म्हणाली, पाणी बघ. पुढचे सगळे त्या पाण्यातून आले. मी ते वाढवले आणि नीट मांडले, इतकेच. हे मी याआधीच लिहायला हवे होते."

जुन्या दाण्याची साल कमकुवत होते, त्यामुळे भिजवल्यावर आतले क्षार पाण्यात उतरतात. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की रंग येतो. रंग जितका गडद, तितके बियाणे निकामी. पूर्वी बी रुजतेय का हे पाहायला पेरून वाट बघावी लागे. आता एका दिवसात कळते. ही तपासणी सगळीकडे मैत्रिणीच्या नावाने ओळखली जाते. बाई तीच तपासणी नोकरीला लागल्यापासून रोज करत होत्या. नव्याने आलेले शिकाऊ अधिकारी त्यांना ती मैत्रिणीच्या पुस्तकातून वाचून दाखवत, आणि बाई ऐकून घेत.

संशोधनाच्या शेवटच्या वर्षी बाईंचे वडील अंथरुणाला खिळले. मागे दोन भावंडे शाळेत होती. बाई सामान बांधून घरी गेल्या. जाताना मैत्रिणीला म्हणाल्या, "तू बघ पुढचं." मैत्रिणीने पुढचे पाहिले. तिचा प्रबंध छापून आला तेव्हा बाईंनी तो ग्रंथालयात जाऊन उघडला. पहिल्याच पानावर त्यांचे नाव होते. खोलीतल्या सोबतीबद्दल आभार मानले होते.

नवऱ्याने लेख दोनदा वाचला. चष्मा कपाळावर चढवला.

"हे तुझं आहे?"

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. लग्न झालं त्या वर्षी. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, आपल्याला काय त्याचं लोणचं घालायचंय."

नवरा पानाचा कोपरा चिमटीत धरून चोळत राहिला. "कागद चांगला वापरलाय," तो शेवटी म्हणाला.

बाईंनी तो अंक पर्समध्ये ठेवला. खरे तर लगेच मंडळाला फोन करायला हवा होता. नवराही दोनदा म्हणाला. "करते," असे म्हणून त्यांनी तो केला नाही. प्रयोगशाळेत दुपारी डबा खाऊन झाला की त्या हात पुसून अंक उघडत आणि तेवढा परिच्छेद वाचत. कुणी आले की मिटून ठेवत. वयात आलेल्या मुलीने चिठ्ठी लपवावी तसे ते दिसत असणार हे त्यांना कळत होते. इतकी वर्षे ही गोष्ट त्यांच्या एकटीच्या डोक्यात होती. कधीकधी त्यांना स्वतःलाच शंका येई, की खरेच असे झाले होते, की आपण मनाची समजूत घालायला रचले आहे. आता ते छापलेले होते, आणि ज्या माणसाने सांगायला हवे त्याच माणसाने सांगितले होते.

साहेबांनी त्यांना वाचताना पाहिले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. वयाने लेकीएवढे. त्यांनी अंक मागून घेतला, वाचला आणि उठून उभे राहिले.

"बाई, बसा ना. तुम्ही कशाला उभ्या?"

त्या दिवसापासून बाईंच्या टेबलाशी एक उंच खुर्ची आली. शिकाऊ अधिकारी त्यांना मॅडम म्हणायला लागले. एका दुपारी साहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "नवी हस्तपुस्तिका निघतेय. सुरुवातीला तपासणीचा इतिहास देणार आहेत. हा लेख मी वर पाठवतो. बाईंनी, म्हणजे संचालक बाईंनी, स्वतःच कबूल केलंय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? तुमचं नाव लागेल."

"पण साहेब, त्यात मी वारलेय."

साहेब जरा अडखळले. "ते बघू आपण. तुम्ही कळवायची घाई करू नका म्हणजे झालं."

बाईंनी घाई केली नाही.

रविवारी सकाळी दार वाजले. बाहेर एक ठेंगणा, साठीकडे झुकलेला माणूस कापडी पिशवी घेऊन उभा होता. बाईंकडे पाहून त्याने नजर खाली घेतली.

"तुम्ही त्याच ना," तो म्हणाला, "म्हणजे, न गेलेल्या?"

तो दुसऱ्या बाईचा नवरा होता. लिफ्ट दुरुस्त करायचे काम करी. त्याला घरात घेतले, पाणी दिले. खुर्चीच्या टोकावर बसून तो बोलायला लागला, आणि बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घेतल्यासारखा थांबत होता.

"आमची ही मंडळाला दर वर्षी कळवायची. कॉलेजच्या ग्रंथालयात होती. डॉक्टर काही झाली नाही, मधेच सोडावं लागलं. पण कळवायची मात्र न चुकता. कायम झाले, मुलगा शाळेत लागला, असं. एकदाही छापलं नाही. विचारलं की म्हणायचे, जागेअभावी राहिलं. मी म्हणायचो, अगं, ती मोठी माणसं, आपली वार्ता कोण वाचणार? तर म्हणायची, मी नाही का त्यांची वाचत?"

बाईंचा नवरा गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता.

"दवाखान्यात शेवटी शेवटी हसून म्हणाली, आता तरी छापतील." लिफ्टवाल्याने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "अंक आला. उघडला तर नाव हिचं, फोटो तुमचा. मी सचिवांकडे गेलो. ते म्हणाले, या नावाच्या बाईंचं छापून झालंय, परत कसं छापणार? त्या बाईंनी स्वतः कळवलं की त्या आहेत, तर बघता येईल. त्यांनीच तुमचा पत्ता दिला."

"त्यांना माहितेय मी आहे ते?"

"मी सांगितलं ना. पण ते म्हणाले, तुमच्याकडून आलं पाहिजे." तो थोडा पुढे सरकला. "तुम्ही कळवाल ना?"

बाईंनी त्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. "कळवते," त्या म्हणाल्या. "मला थोडे दिवस द्या."

"चालेल की. तिला आता कसली घाई."

तो गेल्यावर नवरा बराच वेळ खिडकीशी उभा होता. मग मान न वळवता म्हणाला, "हस्तपुस्तिका छापून होऊ दे. मग कळव. एकदा छापलं की पुसता येत नाही, आयुष्य गेलंय माझं त्यात."

"आणि तो माणूस?"

"तो थांबेल म्हणाला ना."

"म्हणून काय त्याला थांबवायचं?"

नवऱ्याने खिडकी लावून घेतली. बाईंनी त्या आठवड्यात रजा टाकली आणि मैत्रिणीच्या संस्थेत जाऊन आत आपल्या नावाची चिठ्ठी पाठवली.

मैत्रीण खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. पूर्वीसारखीच उंच, केस मात्र पांढरे आणि बारीक कापलेले. "मुंगी," ती म्हणाली. वसतिगृहात बाईंना सगळे मुंगी म्हणत. सतत काहीतरी उचलून नेत असत म्हणून. मैत्रिणीने त्यांना घट्ट मिठी मारली आणि ती रडली. ते रडणे खरे होते. बाईंनाही रडू आले.

"सचिवांचा फोन आला तेव्हा दिवसभर कुणाला आत घेतलं नाही मी. इथंच बसून लिहून काढलं."

"वाचलं मी. चांगलं लिहिलंयस."

कॉफीचा कप उचलता उचलता मैत्रिणीने परत बशीत ठेवला. "तू वाचलंस."

"अंक घरी येतो ना."

मैत्रिणीने टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. बाई म्हणाल्या, "मला आता कळवायला लागेल की मी आहे. दुसऱ्या एका बाईची जागा अडलीय माझ्यामुळं. मी एवढंच विचारायला आले, की मी आहे असं छापून आलं, तरी तू लिहिलेलं तसंच राहील ना?"

"ते मी मनापासून लिहिलं होतं, मुंगी."

"मग झालं तर."

"पण तो मृत्युलेख होता गं. मृत्युलेखात माणूस हात सैल सोडून लिहितो. गेलेल्याला थोडं जास्तच देतो. सगळेच देतात. वाचणाराही ते धरूनच वाचतो."

"त्यात जास्तीचं काय होतं?"

मैत्रीण कप बशीतच फिरवत राहिली.

"दोन वाट्या नव्हत्या?"

"होत्या."

"मी तुला हाताला धरून नेलं नव्हतं?"

"नेलं होतंस."

"मग जास्तीचं काय ते सांग. तेवढं काढून टाकू."

मैत्रिणीचा चेहरा लाल झाला. "तू गेलीस तेव्हा त्या दोन वाट्याच होत्या. पुढची कित्येक वर्षं मी झिजले. उसनी यंत्रं आणली, ज्याच्या त्याच्या दारात उभी राहिले. तू होतीस तिथं?"

"नव्हते. बाबांजवळ होते."

"ठाऊक आहे मला. मग मी काय करायचं होतं? तुझी वाट बघत बसायचं?"

"नाही. नाव लिहायचं."

"तू कधी मागितलं नाहीस."

"आता मागतेय."

मैत्रीण उठली, दार बंद आहे ना ते तिने पाहिले आणि परत येऊन बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज दमलेला होता.

"पुढच्या महिन्यात माझ्यासाठी निवड समिती बसतेय. याच्या वरच्या जागेसाठी. मी तुला खोटं सांगत नाही. मेलेल्या मैत्रिणीबद्दल असं लिहिलं की माणूस मोठ्या मनाचा ठरतो. समितीतल्या एकानं मला तसं म्हटलंसुद्धा. जिवंत मैत्रिणीबद्दल तेच लिहिलं की चोर ठरतो. इतकी वर्षं का नाही बोललात, असं विचारतील. काय सांगू?"

बाईंनी कॉफी संपवली. ती गार झाली होती.

"तुला काही हवंय का?" मैत्रिणीने विचारले. "लेकीचं काही..."

"लेक बँकेत आहे. बरं चाललंय तिचं."

"तुमच्या प्रयोगशाळेला नवं यंत्र द्यायला सांगू? आपोआप रंग मोजतं. उभं राहायला नको."

"कशाचा रंग?" बाईंनी विचारले, आणि मैत्रिणीने मान खाली घातली.

घरी येऊन बाईंनी मंडळाला फोन केला. सचिव फार ओशाळले, दहा वेळा क्षमा मागितली. दुरुस्ती छापू म्हणाले. संचालक बाईंचाही नुकताच फोन येऊन गेला होता. त्यांनी आपला लेख पूर्ण मागे घेतला होता. बाई आहेत म्हटल्यावर त्याला अर्थ राहत नाही, असे सचिवांनाही वाटत होते.

"आणि ज्या खरंच गेल्या, त्यांचं?" बाईंनी विचारले.

"त्यांच्याबद्दल लिहून द्यायला कुणी नाही हो. दोन ओळी टाकतो."

"मी देते लिहून."

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी लिफ्टवाला परत आला. बाई विचारत गेल्या आणि तो सांगत गेला. बायको दर वर्षी काय काय कळवायची ते त्याला पाठ होते, कारण पाठवण्याआधी ती त्याला वाचून दाखवी. बाईंनी ते सगळे लिहिले. त्यातले काही गाळले नाही. लिहिलेले पाठवल्यावर सचिवांचा फोन आला.

"बाई, फार घरगुती झालंय. घर बदललं, मुलाला चष्मा लागला. आणि लांबलंय. एवढी जागा नसते आपल्याकडे."

"जागा आहे," बाई म्हणाल्या. "दीड पान. तुम्ही आधी दिलं होतं ते माझ्या नावाला. त्या बाईंचं नावही तेच आहे."

सचिवांनी पलीकडे पाने चाळली. "बघतो," म्हणाले.

प्रयोगशाळेत साहेबांना हे कळले तेव्हा ते "अरेरे" म्हणाले. हस्तपुस्तिका आली. इतिहासाच्या पानावर मैत्रिणीचा फोटो होता. एव्हाना ती वरच्या जागेवर गेली होती. बाईंच्या टेबलाशी आणलेली खुर्ची कुणाला तरी मीटिंगला लागली म्हणून नेली, ती परत आली नाही. कुणी मुद्दाम केले असे नव्हते. शिकाऊ अधिकारी अजून मॅडम म्हणत, कारण त्यांना तीच सवय लागली होती.

पुढचा अंक निघाला तेव्हा लिफ्टवाला तो घेऊन बाईंकडे आला. स्वच्छ दाढी करून, नवा शर्ट घालून आला होता. नवऱ्याने अंक हातात घेऊन आधी शेवटचे पान पाहिले. तळाला, बारीक टाइपात, एक ओळ होती. मागील अंकातील लेख नजरचुकीने प्रसिद्ध झाला होता, तो मागे घेण्यात येत आहे, संबंधित सभासद हयात आहेत. नवऱ्याने ती दोनदा वाचली. मग अंक मिटून लिफ्टवाल्याला परत दिला, आणि स्वतः उठून चहा करायला आत गेला. तो कधी चहा करत नसे.

"तुमच्याबद्दल काय छापलंय?" लिफ्टवाल्याने विचारले.

"मी आहे म्हणून छापलंय."

"बरं झालं," तो मनापासून म्हणाला. मग त्याने अंक उघडून गुडघ्यावर ठेवला, बोट ओळीखाली धरले आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीवरच त्याचे बोट थांबले. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. "तुम्हीच वाचा," तो म्हणाला. "तुम्हाला जमेल नीट."

बाईंनी अंक घेतला. वर एका सडपातळ बाईचा फोटो होता, लाजून हसणारा. खाली नाव होते. बाईंनी ते नाव मोठ्याने वाचले, आडनावासकट, आणि पुढचे तीन शब्दही वाचले, दीर्घ आजाराने निधन. आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. बाई पुढे वाचत राहिल्या. कायम झाल्या ते वर्ष. मुलगा शाळेत लागला ते वर्ष. लिफ्टवाला जमिनीकडे पाहत, डोके हलवत, प्रत्येक बातमी ऐकत होता.

"त्याच वर्षी," बाईंनी वाचले, "त्यांना ग्रंथालयात खिडकीजवळचे टेबल मिळाले."

"हो," लिफ्टवाला म्हणाला. "खिडकीजवळचं."